हेड प्लेन केल्यावर कॉम्प्रेशन रेशो नेमका किती झाला?

प्रश्न थोडक्यात असा आहे. चार सिलिंडरचे दोन लिटरचे पेट्रोल इंजिन, बोअर (सिलिंडरचा व्यास) ८४ मिमी, स्ट्रोक (पिस्टनचा वर-खाली प्रवास) ९० मिमी, प्रत्येक सिलिंडरला दोन व्हॉल्व्ह, कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) हेडवर, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणावर. हेड ०.५ मिमी प्लेन करून घेतले, म्हणजे त्याचा खालचा पृष्ठभाग तेवढा कापून सपाट केला. त्याच वेळी व्हॉल्व्ह सीट (व्हॉल्व्ह टेकतो ती कड) नव्याने कापल्या आणि व्हॉल्व्हला अगदी खेटून असलेली चेंबरची, म्हणजे मिश्रण जळते त्या हेडमधल्या पोकळीची भिंत घासून थोडी मोकळी केली. नवे गॅस्केट (हेड आणि ब्लॉक यांच्यामधला सांधा बंद करणारा पातळ पत्रा) दाबल्यावर १.५ मिमी भरते, जुने १.२ मिमी होते. पुस्तकातला मूळ रेशो ९.१. बोअरच्या क्षेत्रफळाला ०.५ मिमीने गुणून तेवढी जागा कमी झाली असे धरले की नवा रेशो ९.५ येतो. हे बरोबर आहे का, आणि आता जास्त ऑक्टेनचे पेट्रोल घालावे लागेल का?

९.५ बरोबर नाही. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून रेशो जवळजवळ होता तिथेच आहे, आणि हे जाड गॅस्केट बसवलेत तर तो मूळ रेशोच्याही खाली जाईल. हेड प्लेन करूनही रेशो कमी कसा होईल, असे वाटणे साहजिक आहे. म्हणून सगळा हिशेब मांडून दाखवतो.

पिस्टन तळाशी असताना त्याच्यावर जेवढी एकूण जागा असते, तिला पिस्टन अगदी वर आल्यावर उरणाऱ्या जागेने भागले की रेशो मिळतो. पिस्टन वरखाली होताना जी जागा झाडून घेतो तिला स्वेप्ट म्हणू आणि वर उरते तिला उरलेली जागा म्हणू. मग:

रेशो = (स्वेप्ट + उरलेली) ÷ उरलेली

किंवा सोपे करून: रेशो = १ + (स्वेप्ट ÷ उरलेली)

मी दुसरे रूप वापरतो, कारण त्यात आकडेमोडीची चूक लगेच दिसते आणि उलट हिशेबही सोपा जातो. स्वेप्ट काढताना सगळी मापे सेंटिमीटरमध्ये घ्या, म्हणजे उत्तर थेट सीसीत येते. ८.४ × ८.४ × ०.७८५४ = ५५.४२ चौरस सेमी, हे बोअरचे क्षेत्रफळ. त्याला ९.० सेमी स्ट्रोकने गुणले की ४९८.८ सीसी. चारही सिलिंडरचे मिळून १९९५ सीसी होतात, म्हणजे मापे बरोबर घेतली आहेत.

स्वेप्टमध्ये फारसे कोणी चुकत नाही. चुका होतात त्या उरलेल्या जागेत, कारण ती एका ठिकाणी नसते, पाच ठिकाणी विखुरलेली असते. हेडमधले चेंबर हा तिचा मोठा भाग. त्यानंतर गॅस्केटच्या जाडीतली जागा, पिस्टन वर आल्यावरही ब्लॉकच्या पृष्ठभागापासून जेवढा खाली राहतो तेवढी डेकची जागा, पिस्टनच्या माथ्यावरचा खळगा किंवा व्हॉल्व्हसाठीच्या खाचा, आणि पहिल्या रिंगच्या वर पिस्टन व सिलिंडर यांच्यामध्ये राहणारी बारीक कडी. तुमच्या इंजिनाचे मूळ आकडे घालू.

चेंबर ४८.० सीसी. गॅस्केटचे भोक ८५ मिमी आणि जाडी १.२ मिमी, म्हणजे ५६.७ × ०.१२ = ६.८ सीसी. पिस्टन ०.४ मिमी खाली, म्हणजे ५५.४ × ०.०४ = २.२ सीसी. पिस्टनचा खळगा ४.० सीसी. रिंगच्या वरची कडी साधारण ०.४ सीसी (मी ६ मिमी उंची आणि एका बाजूला ०.२५ मिमी फट धरली आहे). बेरीज ६१.४ सीसी.

४९८.८ ÷ ६१.४ = ८.१२, अधिक १, म्हणजे ९.१२. पुस्तकाशी जुळले. मूळ अवस्थेतला हिशेब पुस्तकातल्या आकड्याशी जुळल्याशिवाय पुढे जाऊ नका. तो जुळला नाही तर एखादे माप चुकले आहे किंवा इंजिनात आधी कोणीतरी काम केले आहे.

आता हेडकडे. तुम्ही ५५.४ चौरस सेमीला ०.०५ सेमीने गुणून २.८ सीसी वजा केले. पण कापला गेला तो हेडचा पृष्ठभाग, आणि त्या पृष्ठभागावर चेंबरचे तोंड बोअरएवढे मोठे नसते. दोन व्हॉल्व्हच्या बहुतेक हेडमध्ये चेंबरच्या बाजूला सपाट भाग असतो. पिस्टन वर आला की तो या भागाच्या अगदी जवळ जातो आणि मधले मिश्रण जोरात चेंबरकडे ढकलले जाते. याला स्क्विश म्हणतात. हा सपाट भाग कापला तरी चेंबरमधली जागा कमी होत नाही, हेड फक्त तेवढे बारीक होते. कमी होते ती चेंबरच्या तोंडाच्या क्षेत्रफळाइतकीच जागा. तुमच्यासारख्या हेडमध्ये ते ४२ चौरस सेमी धरू. मग ४२ × ०.०५ = २.१ सीसी.

तुमच्या हेडचे खरे क्षेत्रफळ काढायला मशीन लागत नाही. हेडच्या पृष्ठभागावर पातळसा शाईचा किंवा निळीचा हात फिरवा, त्यावर आलेखाचा कागद दाबा, चेंबरच्या तोंडाची कड कागदावर उमटेल. आत आलेले चौकोन मोजा. अर्धे-पाऊण चौकोन नजरेने जुळवून घेतले तरी एक-दीड चौरस सेमीच्या पलीकडे चूक जात नाही. चेंबरच्या भिंती आत उतरत्या असतील तर कापण्याआधीचे आणि नंतरचे तोंड यांची सरासरी धरायची.

हेड प्लेन केल्याने २.१ सीसी गेले, पण बाकीच्या कामांनी त्यातले बरेच परत आणून दिले. सीट कापल्या की व्हॉल्व्ह आत जाऊन बसतो. तो जेवढा आत जातो तेवढी त्याच्या तोंडासमोर जागा वाढते. ३८ मिमीचा इनटेक व्हॉल्व्ह अर्धा मिलिमीटर आत गेला तर ११.३४ × ०.०५ = ०.५७ सीसी. ३२ मिमीचा एक्झॉस्ट तेवढाच आत गेला तर ०.४० सीसी. दोन्ही मिळून जवळजवळ १ सीसी. भिंत घासली त्याचे ०.८ सीसी धरतो. हा आकडा लहान वाटतो, पण ०.८ सीसी ॲल्युमिनियम म्हणजे जेमतेम दोन ग्रॅमांहून थोडा जास्त भुसा. ग्राइंडर हातात घेऊन पाच मिनिटे काम केले तरी तेवढा पडतो.

मग चेंबर ४८.० − २.१ + १.० + ०.८ = ४७.७ सीसी. उरलेली जागा एकूण ६१.१ सीसी आणि रेशो ९.१६. हे जुन्या १.२ मिमी गॅस्केटवर. नव्या १.५ मिमी गॅस्केटची जागा ५६.७ × ०.१५ = ८.५ सीसी, म्हणजे १.७ सीसी जास्त. उरलेली जागा ६२.८ सीसी. ४९८.८ ÷ ६२.८ = ७.९४, आणि रेशो ८.९४. तुम्हाला वाटत होते ९.५, प्रत्यक्षात मूळ ९.१ पेक्षाही खाली.

यातले ४२ चौरस सेमी, अर्धा मिलिमीटर खोल गेलेला व्हॉल्व्ह आणि ०.८ सीसी भुसा हे माझे अंदाज आहेत. तुमच्या हेडमध्ये ते वेगळे असणार. म्हणूनच हेडवर काम झाल्यावर कापलेल्या मिलिमीटरांवरून रेशो काढायचाच नाही. चेंबर द्रव भरून मोजायचे. कापलेल्या मिलिमीटरांचा हिशेब फक्त किती कापायचे हे आधी ठरवण्यासाठी.

चेंबर मोजायला ब्युरेट (खाली तोटी असलेली खुणांची काचेची नळी) हवी, १०० मिलीची असेल तर उत्तम. ५० मिलीची चालते, पण चेंबर ४७-४८ सीसीचे असेल तर थोडक्यासाठी पुन्हा भरावी लागू शकते आणि प्रत्येक भरण्यात वाचनाची चूक शिरते. १ मिली म्हणजे १ सीसी, तेव्हा रूपांतर काही नाही. १० ते १२ मिमी जाडीची सपाट ॲक्रिलिकची पट्टी घ्या. पातळ पट्टी मधोमध वाकते आणि तेवढ्यानेही अर्धा सीसी इकडचा तिकडे होतो. तिला ५-६ मिमीचे एक भोक पाडा, आणि हवा बाहेर पडायला कडेजवळ दुसरे छोटे भोक.

व्हॉल्व्ह, स्प्रिंगा आणि इंजिनात वापरणार तोच स्पार्क प्लग बसवून घ्या. प्लगचे टोक चेंबरमध्ये किती शिरते त्यानेही जागा बदलते, म्हणून दुसऱ्या मापाचा प्लग लावून मोजू नका. हेड उलटे करून टेबलावर ठेवा आणि हवेचे भोक ज्या बाजूला असेल ती बाजू किंचित उंच करा. चेंबरच्या तोंडाभोवती ग्रीसचा अगदी पातळ थर लावा आणि पट्टी दाबून बसवा. ग्रीस आत घुसले तर त्याची जागाही मोजणीतून वजा होते, तेव्हा इथे हात आखडता ठेवा.

द्रव म्हणून मी पाण्यात शाईचे दोन थेंब आणि भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकतो. साबणामुळे पाण्याचा ताण कमी होतो आणि व्हॉल्व्हच्या कडेला बुडबुडे अडकत नाहीत. पेट्रोल किंवा स्पिरिट वापरू नका. ॲक्रिलिकला त्याने बारीक तडे जातात, शिवाय आगीचा धोका. काम झाल्यावर हेड लगेच पुसून सीटवर तेल फिरवा.

ब्युरेटमधली वक्र पातळी खालच्या कडेला, डोळा त्याच उंचीवर आणून वाचा. चेंबर पूर्ण भरून शेवटचा बुडबुडा भोकातून निघाला की पुन्हा वाचा. दोन वाचनांतला फरक म्हणजे चेंबर. मग दोन मिनिटे थांबा. पातळी खाली गेली तर पोर्टमध्ये डोकावून बघा. तिथे रंगीत पाणी दिसले तर व्हॉल्व्ह नीट बसलेला नाही. आधी तो घासून बसवा आणि मोजणी पुन्हा करा. एकच चेंबर तीनदा मोजा. तिन्ही वाचने ०.२ सीसीच्या आत आली तरच तुमच्या हातावर आणि पट्टीवर भरवसा ठेवा.

चारही चेंबर मोजलेच पाहिजेत. समजा ४७.२, ४७.५, ४७.९ आणि ४८.१ आले. आकडे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चढत गेले आहेत. याचा अर्थ हेड मशीनवर किंचित तिरपे धरले गेले होते, एक टोक जास्त कापले गेले. आकडे उलटसुलट आले असते तर कारण सीट कापण्यात किंवा हाताने घासण्यात शोधावे लागले असते. मी चारही चेंबर ०.५ सीसीच्या आत आणतो. लहान चेंबरमध्ये भिंत थोडी घासून मोठ्याच्या बरोबरीला आणायचे, उलट करता येत नाही. ते करताना प्लेन केल्याने चेंबरच्या तोंडाला आलेली वस्तऱ्यासारखी धार मोडून टाका. ती धार जळत्या मिश्रणात लाल होते आणि ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवते. त्याने पिस्टनला भोक पडलेले मी पाहिले आहे.

पिस्टनच्या बाजूचे मापही द्रवानेच घेतलेले बरे. खळग्याचा आकडा पुस्तकात असला तरी पिस्टन बदललेले असतील तर तो निरुपयोगी आहे. डायल गेज लावून पिस्टन ब्लॉकच्या पृष्ठभागापासून बरोबर १० मिमी खाली आणा. कडेच्या फटीत ग्रीस भरा, जादा पुसून घ्या, वर तीच पट्टी ठेवून द्रव भरा. माथा सपाट असता तर ५५.४ सीसी मावले असते. ५९.४ मावले, म्हणजे ४.० सीसी खळगा. ४९.४ च मावले असते तर माथ्यावर ६.० सीसीचा उंचवटा आहे असा अर्थ. खळगा उरलेल्या जागेत मिळवायचा, उंचवटा वजा करायचा. मी तपासलेल्या हिशेबांत सर्वांत जास्त चुका याच चिन्हाच्या असतात. तयार कॅल्क्युलेटरांमध्ये तर काही जण खळगा अधिक धरतात आणि काही उणे, तेव्हा आकडा भरण्याआधी ते कोणती पद्धत वापरतात हे बघा. ४ सीसीचे चिन्ह उलटे पडले तर हिशेबात ८ सीसीची तफावत येते, आणि तुमच्या इंजिनात तेवढ्याने रेशो एकापेक्षा जास्तने हलतो.

डेकची जागा मोजताना डायल गेज पिस्टनच्या कोणत्याही कडेवर टेकवू नका. पिस्टन गजन पिनवर (त्याला कनेक्टिंग रॉडशी जोडणाऱ्या पिनवर) डुलतो. पिनच्या रेषेवर दोन्ही बाजूंना वाचन घ्या आणि सरासरी धरा. अगदी वरचे स्थान शोधायला पिस्टन ज्या क्षणी थांबल्यासारखा वाटतो त्यावर विसंबू नका, कारण तिथे क्रँक दोन-तीन अंश फिरला तरी काटा जेमतेमच हलतो. अर्धा मिलिमीटर आधी आणि अर्धा मिलिमीटर नंतर क्रँकवर खुणा करा, त्यांच्या बरोबर मधला बिंदू म्हणजे टीडीसी. काही इंजिनांत पिस्टन पृष्ठभागाच्या वर येतो. तिथे हा आकडा उणे.

गॅस्केटची जाडी म्हणजे बोल्ट पूर्ण आवळल्यावर उरणारी जाडी. पाकिटातून काढलेले गॅस्केट मोजून हिशेब केला तर तो चुकणारच. त्याच इंजिनावरून निघालेले जुने गॅस्केट असेल तर भोकाभोवतीच्या धातूच्या कड्याजवळ मायक्रोमीटरने मोजा. शिवाय भोक बोअरपेक्षा मोठे असते आणि दर वेळी गोलही नसते, म्हणून त्याचाही कागदावर ठसा घेऊन चौकोन मोजा.

गॅस्केट आणि डेक एकत्र पडताळायची एक जुनी पद्धत आहे. पिस्टनच्या सपाट भागावर पिनच्या रेषेजवळ मऊ सोल्डर तारेचे तुकडे ग्रीसने चिकटवायचे, हेड पूर्ण आवळायचे, क्रँक हाताने फिरवून पिस्टन वरून न्यायचा आणि चपटी झालेली तार मोजायची. तिची जाडी म्हणजे गॅस्केट अधिक डेक, दोन्ही मिळून. तुमच्या इंजिनात ती मूळ १.२ + ०.४ = १.६ मिमी आली पाहिजे.

ही १.६ मिमी लक्षात ठेवा, कारण माझ्या मते तुमच्यासाठी ती रेशोपेक्षा महत्त्वाची आहे. हेड प्लेन केल्याने ती बदलत नाही, कारण स्क्विशचा सपाट भाग आणि गॅस्केट बसते तो पृष्ठभाग एकाच पातळीत आहेत. दोन्ही सारखेच कापले जातात. जाड गॅस्केटने मात्र ती १.९ मिमी होईल. एवढ्या फटीत स्क्विश जवळजवळ मरतो. तिथे अडकलेले मिश्रण उशिरा जळते, तापते आणि तेच नॉकिंगला (मिश्रण आपोआप भडकून इंजिन ठोके देण्याला) सुरुवात करते. इंग्लिश इंजिन-तज्ज्ञ हॅरी रिकार्डो यांनी १९२० च्या आसपास साइड व्हॉल्व्ह (व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असलेल्या) इंजिनांसाठी असेच हेड केले होते, ज्यात पिस्टन हेडच्या सपाट भागाला जवळजवळ भिडून मिश्रण घुसळत असे. त्याने रेशो वाढवूनही नॉकिंग आटोक्यात राहिले. रस्त्यावर चालणाऱ्या आणि स्टीलचे कनेक्टिंग रॉड असलेल्या इंजिनात मी ही फट १ मिमीच्या आसपास ठेवतो. त्याहून फार कमी केली तर वेगात रॉड ताणला जाऊन आणि पिस्टन डुलून धातूला धातू लागण्याची भीती असते.

तर ९.५ हवाच असेल तर काय करावे? उलट हिशेब: उरलेली जागा = स्वेप्ट ÷ (रेशो − १). ४९८.८ ÷ ८.५ = ५८.७ सीसी. जाड गॅस्केटसह तुमच्याकडे ६२.८ आहेत, म्हणजे ४.१ सीसी कमी करायचे. पहिले काम, जाड गॅस्केट परत करून १.२ मिमीचे आणा. १.७ सीसी तिथेच सुटले. राहिले २.४ सीसी. हेड आणखी प्लेन करून ते काढायचे तर २.४ ÷ ४२ = ०.०५७ सेमी, म्हणजे जवळजवळ ०.६ मिमी अजून. मी ते करणार नाही. आधीचे ०.५ धरून हेड १.१ मिमीने बारीक होईल, आणि स्क्विश १.६ मिमीच राहील.

त्याऐवजी ब्लॉकचा पृष्ठभाग ०.४ मिमी कापला तर पिस्टन बरोबर पातळीत येतो. इथे पूर्ण बोअरचे क्षेत्रफळ लागू होते, म्हणून २.२ सीसी जातात आणि रेशो ९.४७ होतो. सोबत स्क्विश १.६ वरून १.२ मिमीवर येतो. इंजिन पूर्ण उघडलेले असेल तर खर्च आणि श्रम इथे घाला. ब्लॉक उघडायचा नसेल तर ९.१६ वर समाधानी राहा, चांगले इंजिन आहे ते.

कारण फक्त रेशोने मिळणारा फायदा लोक समजतात त्यापेक्षा खूप लहान असतो. आदर्श ऑटो चक्राची (पेट्रोल इंजिनाच्या कागदावरच्या नमुन्याची) कार्यक्षमता १ − १ ÷ (रेशोचा ०.४ वा घात). ९.१२ ला ती ५८.७ टक्के येते आणि ९.५ ला ५९.४. म्हणजे कागदावरसुद्धा शक्तीत एक टक्क्याच्या आसपास वाढ. १०.५ पर्यंत गेलात तर चार टक्क्यांच्या आत. खरे इंजिन त्याहूनही कमी देते. तुम्ही व्हॉल्व्हभोवती जी भिंत मोकळी केली, तिने सिलिंडर जास्त भरला तर त्याचा फायदा याहून मोठा असेल.

किती अचूक मोजायचे हेही यावरून ठरवा. तुमच्या इंजिनात ९ च्या आसपास १ सीसी इकडेतिकडे झाला तर रेशो ०.१३ ने हलतो. हेच इंजिन १२ च्या रेशोचे असते तर त्याच १ सीसीने ०.२४ फरक पडला असता. रेशो जितका जास्त तितकी उरलेली जागा कमी, आणि प्रत्येक थेंबाचे वजन जास्त. बोअर अर्धा मिलिमीटर वाढवून ८४.५ केला तर बाकी काही न बदलता रेशो साधारण ०.१ ने वाढतो, हेही हिशेबात धरायला लोक विसरतात.

आता पेट्रोल. ९.१६ वर इंधन बदलायची गरज नाही, आधी चालत होते तेच चालेल. पण इंधनाला काय सोसेल हे कागदावरच्या रेशोवरून पूर्ण कळत नाही. पिस्टन तळाशी गेल्यावरही इनटेक व्हॉल्व्ह काही काळ उघडा असतो, आणि तो बंद होईपर्यंत दाबायला काही धरूनच ठेवलेले नसते. समजा तो तळानंतर ६० अंशांवर बंद होतो आणि कनेक्टिंग रॉड १४५ मिमी आहे. त्या क्षणी पिस्टन वरच्या टोकापासून ७२.८ मिमीवर असतो. ९० ऐवजी तेवढाच स्ट्रोक धरला तर ४०३.६ सीसी, आणि खरोखर दाबला जाणारा रेशो मूळ इंजिनात ७.५७. ९.५ केल्यावर तो ७.८८ होईल. पण त्यासोबत तुम्ही व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा ठेवणारा कॅम घातला आणि व्हॉल्व्ह ७० अंशांवर बंद झाला, तर उपयोगी स्ट्रोक ६६.७ मिमी आणि रेशो ७.३०. म्हणजे कागदावर ९.५ असूनही कमी वेगात हे इंजिन मूळ इंजिनापेक्षा मंद वाटेल. कॅम बदलायचा विचार असेल तर रेशो त्याच्यासोबत ठरवा, आधी नाही. बंद होण्याचा अंश घेताना व्हॉल्व्ह सीटवर टेकण्याचा घ्या. काही कॅमचे आकडे १.२७ मिमी उचलीवर दिलेले असतात, ते इथे चालत नाहीत.

कॉम्प्रेशन गेजवरून रेशो काढायचा प्रयत्न करू नका. गेजवरच्या दाबाला वातावरणाच्या दाबाने भागून हा माझा रेशो असे म्हणणारे अनेक जण भेटतात. दाबताना हवा तापते, त्यामुळे दाब जागेच्या प्रमाणापेक्षा जास्त वाढतो. वर सांगितल्याप्रमाणे व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो, रिंगांतून थोडी गळती होते, स्टार्टर किती वेगाने फिरवतो त्यावरही आकडा बदलतो. गेज सिलिंडरांची एकमेकांशी तुलना करायला आहे, आणि त्या कामाला उत्तम आहे.

इंजिन जोडण्याआधी दोन गोष्टी तपासा, रेशो कितीही येवो. पहिली, व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्यातले अंतर. हेड ०.५ मिमी खाली आले म्हणजे व्हॉल्व्हही जवळजवळ तेवढेच पिस्टनकडे आले. सीट कापल्याने ते थोडे मागे गेले असतील, पण त्यावर विसंबू नका. पिस्टनवर मऊ खेळण्याची माती लावून, हेड आवळून, क्रँक हाताने दोन फेरे फिरवा आणि माती कापून सर्वांत पातळ जागा मोजा. इनटेकला २ मिमी आणि एक्झॉस्टला २.५ मिमी यापेक्षा कमी मला चालत नाही.

दुसरी, कॅमची टायमिंग. हेड खाली आले की कॅमशाफ्ट आणि क्रँकशाफ्ट जवळ येतात, बेल्टची ढिली बाजू टेन्शनर खेचून घेतो आणि कॅम मागे पडतो. कॅमच्या पुलीची त्रिज्या ५५ मिमी असेल तर ०.५ मिमीने कॅम अर्धा अंश, म्हणजे क्रँकच्या मापात सुमारे १ अंश मागे जातो. १ अंश सोसतो. १.१ मिमी कापले असते तर दोन अंशांच्या पुढे गेले असते आणि फिरवता येणारी पुली बसवावी लागली असती. व्ही आकाराच्या इंजिनात हेड प्लेन केले तर इनटेक मॅनिफोल्डची भोके आणि पोर्ट जुळेनासे होतात, तेव्हा मॅनिफोल्डही कापावे लागते. आणि डिझेलच्या सपाट हेडला यातले चेंबरचे गणित लागूच होत नाही. तिथे चेंबर पिस्टनमध्ये असते, पिस्टन किती वर येतो ते मोजून त्यानुसार गॅस्केटची जाडी निवडतात.

शेवटी एक विनंती. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडे एक हेड आले. पुस्तकातले चेंबरचे माप बरोबर धरून, न मोजता, मी ते ०.४ मिमी प्लेन करवले. कोणीतरी आधीच ते कापलेले होते आणि त्याची कुठेच नोंद नव्हती. इंजिन चढावर नॉक करू लागले आणि एका पिस्टनची रिंगांमधली कडा तुटली. तेव्हापासून मी हेडच्या बाहेरच्या कडेवर, गॅस्केट बसते तिथून दूर, नंबर पंचने दोन आकडे ठोकतो: एकूण किती कापले, आणि मोजून आलेले चेंबरचे सीसी. तुमच्या हेडवरही ते ठोका. गॅस्केटची जाडी आणि चारही चेंबरची वाचने इंजिनाच्या कागदांसोबत लिहून ठेवा. हे हेड पुन्हा कधी उघडेल तेव्हा ते कदाचित दुसऱ्याच कोणाच्या टेबलावर असेल.